कोरीव नक्षीच्या जुन्या लीव्हर-ॲक्शन रायफलींचा संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी अमेरिकेत राहून एकोणिसाव्या शतकातल्या नक्षीदार लीव्हर-ॲक्शन रायफली बघतोय, अभ्यासतोय आणि परवडतील तेवढ्या जमवतोय. इथल्या मराठी मित्रमंडळींकडून आणि घरच्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो. ज्या भागात नवखा माणूस फसतो, तिथे जास्त लिहिलंय. बाकीचं थोडक्यात.

लीव्हर-ॲक्शन म्हणजे नेमकं काय?

चापाभोवती जी कडी असते, तीच इथे तरफ असते. ती खाली ओढून परत वर घेतली की झाडलेलं काडतूस बाहेर पडतं, घोडा मागे चढतो आणि नळीखालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस आत सरकतं. हात दस्त्यावरून न काढता हे सगळं होतं. सुरुवातीच्या रायफलींमधली यंत्रणा माणसाच्या गुडघ्यासारखी आहे. दोन कड्या सरळ रेषेत आल्या की दार घट्ट बंद, मधे वाकल्या की उघडलं. हा गुडघा लक्षात ठेवा. गोळी झाडण्याच्या प्रश्नात तो परत येईल.

इतक्या बंदुकांमध्ये याच का?

कारण यांच्या बाजूच्या भिंती सपाट आणि मोठ्या आहेत. रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा ज्यात बसते ती पेटी, दोन्ही अंगांनी पाटीसारखी असते. कोरणाऱ्याला एवढी मोकळी जागा रिव्हॉल्व्हरवर मिळत नाही. त्या पाटीवर त्यांनी हरणं, गवे, अस्वलं, शिकारी कुत्रे आणि भोवती पानांची वेलबुट्टी कोरली.

माझं स्वतःचं कारण घरचं आहे. माझे मामा हुपरीला चांदीचं काम करायचे. लहानपणी सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून छिन्नीखाली रेघ कशी उमटते ते बघण्यात माझे तासन्‌तास जायचे. पहिल्यांदा विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या रायफलीवरची नक्षी हातात घेतली, तेव्हा ती रेघ ओळखीची वाटली. धातू वेगळा, देश वेगळा, पण मनगट तेच.

कुठली मॉडेलं माहीत असायलाच हवीत?

सुरुवात हेन्रीपासून करा. बेंजामिन टायलर हेन्री यांना १६ ऑक्टोबर १८६० रोजी पेटंट मिळालं. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला ही रायफल बनायची, आणि कंपनीची सूत्रं ऑलिव्हर विंचेस्टर यांच्या हातात होती. हे गृहस्थ मूळचे शर्ट बनवणारे कारखानदार. हेन्री साधारण १४,००० बनल्या. नळकांड्यात १६ काडतुसं, पण ती पुढून भरावी लागत आणि नळकांड्याच्या खालच्या फटीतून माती आत जाई. ही अडचण नेल्सन किंग यांनी सोडवली. त्यांनी रिसीव्हरच्या उजव्या अंगाला काडतूस भरायची एक छोटी झडप दिली. त्यातून आलं विंचेस्टरचं १८६६चं मॉडेल. यापुढचे असे आकडेही मॉडेलांची नावंच आहेत.

१८६६ला जुने लोक ‘यलो बॉय’ म्हणतात, कारण तिचा रिसीव्हर पिवळा दिसतो. तो साध्या पितळेचा नाही, तांबं, कथील आणि जस्त यांच्या मिश्रणाचा आहे, ज्याला गनमेटल म्हणतात. संग्रहासाठी हे फार महत्त्वाचं, कारण हा धातू लोखंडापेक्षा मऊ. छिन्नी त्यात सहज चालते आणि तो गंजत नाही. त्यामुळे १८६६वरची नक्षी दीडशे वर्षांनंतरही कित्येकदा कालची वाटते. या साधारण १,७०,००० बनल्या आणि उत्पादन १८९०च्या दशकाच्या शेवटापर्यंत चाललं.

मग १८७३. रिसीव्हर लोखंडी, पुढे पोलादी, आणि .४४-४० हे मध्यभागी टोपी असलेलं काडतूस. सात लाखांहून अधिक बनल्या. १८७६ म्हणजे तिचीच थोराड बहीण, मोठ्या काडतुसांसाठी. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८५ साली हरणाच्या कातड्याचा पोशाख घालून फोटो काढून घेतला, त्यात त्यांच्या हातात नक्षीदार १८७६च आहे.

१८८६पासून खेळ बदलला. बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी गुडघा काढून टाकला आणि दोन उभ्या खिळ्यांनी बंद होणारी मजबूत यंत्रणा दिली. १८९२ ही तिचीच छोटी आवृत्ती. १८९४ हेही ब्राउनिंग यांचंच काम आणि लवकरच ती .३०-३० या बिनधुराच्या काडतुसासाठी प्रसिद्ध झाली. १८९५मध्ये नळकांडं जाऊन खाली पेटी आली. पहिल्या महायुद्धात रशियाने या मॉडेलच्या तीन लाखांच्या आसपास रायफली घेतल्या, पण त्या सैनिकी, त्यांच्यावर नक्षी शोधू नका.

विंचेस्टरबाहेर मार्लिन आहे, तीही न्यू हेवनचीच. तिच्या १८८१ आणि १८९३ या मॉडेलांवर फार देखणं काम सापडतं, आणि त्यांना अजून विंचेस्टरइतकं डोक्यावर घेतलेलं नाही. रिव्हॉल्व्हरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्ट कंपनीने १८८३ ते १८८५ या काळात बर्जेस नावाची लीव्हर-ॲक्शन काढली, फक्त ६,४०३ बनल्या आणि मग अचानक थांबली. विंचेस्टरने आपलं रिव्हॉल्व्हर बाजारात आणण्याची धमकी दिली म्हणून कोल्टने माघार घेतली, अशी गोष्ट संग्राहक सांगतात.

ही नक्षी कोण कोरत असे?

मुख्यतः जर्मनीहून आलेले कारागीर. उलरिख घराण्याचं नाव सगळ्यांत आधी घ्यावं लागतं. हर्मन, कॉनराड आणि जॉन उलरिख यांनी हार्टफर्डच्या कोल्टमध्ये आणि न्यू हेवनच्या विंचेस्टरमध्ये काम केलं, आणि या घराण्यातल्या माणसांचं काम मार्लिनवरही आहे. चापाच्या मागे, दस्त्यात शिरणाऱ्या खालच्या पट्टीवर कधीकधी बारीक अक्षरांत त्यांचं नाव ठोकलेलं सापडतं. तिथे नाव दिसलं की लोक आनंदाने वेडे होतात. मी आधी भिंग काढतो, कारण नावाचा ठसा बनवणं हे हरीण कोरण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

न्यूयॉर्कमध्ये लुई निम्श्के होते. त्यांचा कारखान्याशी पगारी संबंध नव्हता. दुकानदार आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे बंदुका आणत. त्यांनी आपल्या कामाचे कागदावर ठसे घेऊन ठेवले. कोरलेल्या भागावर काजळी किंवा शाई लावून कागद दाबायचा, की नक्षीची उलटी छाया कागदावर उतरते. ती वही टिकली, म्हणून आज एखाद्या १८६६वरची वेल निम्श्के यांची की नाही हे ठशाशी जुळवून बघता येतं. कारागिराने स्वतःच्या कामाची अशी नोंद ठेवल्याचं मला या क्षेत्रात दुसरं इतकं मोलाचं उदाहरण माहीत नाही. आपल्याकडे कितीतरी कासार-सोनारांची अशी वही असती तर!

गुस्ताव यंग हेही मोठं नाव, पण त्यांचं बहुतेक काम कोल्ट आणि नंतर स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरांवर आहे.

‘वन ऑफ वन थाउजंड’ म्हणजे काय?

१८७५च्या सुमारास विंचेस्टरने जाहीर केलं की चाचणीत ज्या नळ्या सगळ्यांत अचूक निघतील, त्यांवर खास दस्ता-चाप बसवून ‘वन ऑफ वन थाउजंड’ असं कोरून १०० डॉलरला विकू. त्याखालच्या दर्जाच्या नळ्यांवर ‘वन ऑफ वन हंड्रेड’, नेहमीच्या किमतीवर २० डॉलर जास्त. योजना थोड्याच वर्षांत गुंडाळली. १८७३ मॉडेलमध्ये पहिल्या प्रकारच्या सव्वाशे-दीडशेच्या दरम्यान आहेत आणि दुसऱ्या प्रकारच्या अवघ्या आठ. १९५० साली एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी हॉलिवूडच्या स्टुडिओने उरलेल्या रायफली शोधायची मोहीम काढली आणि तेव्हापासून या नावाला जी किंमत चढली ती उतरली नाही. म्हणूनच नळीवर ही अक्षरं नंतर कोरलेल्याही पुष्कळ सापडतात.

गिऱ्हाईक कारखान्यातून नक्षी कशी मागवत असे?

यादीतून. विंचेस्टरच्या १८९७च्या खास कामाच्या यादीत नक्षीचे नमुने क्रमांकांनी दिले होते, १ सर्वांत भारी आणि १० सर्वांत साधा. दस्त्यावरच्या लाकडी कोरीवकामाचे नमुने अक्षरांनी, ए पासून एच पर्यंत. त्याशिवाय निवडक अक्रोडाचं लाकूड, त्यावर चौकटी-चौकटीचं चेकरिंग, सोन्याचा, चांदीचा किंवा निकेलचा मुलामा, अष्टकोनी किंवा अर्धी अष्टकोनी-अर्धी गोल नळी. गिऱ्हाईक हे सगळं कागदावर लिहून पाठवत असे आणि कारखाना तशी रायफल बनवून देत असे. दोन नक्षीदार रायफली सारख्या सहसा नसतातच.

अशा खास रायफलींच्या भागांवर जुळणीचा एक आकडा ठोकलेला असे. दस्ता काढला की वरच्या पट्टीच्या कडेला, दस्त्याच्या आत कोरलेल्या खाचेत आणि मागच्या लोखंडी पत्र्याच्या आतल्या बाजूला. तिन्ही ठिकाणी एकच आकडा मिळाला तर लाकूड आणि धातू जन्मापासून एकत्र आहेत, असं बरंच खात्रीने म्हणता येतं.

नक्षी मुळची आहे की नंतर कोरलेली, हे कसं ओळखायचं?

हा एकच प्रश्न विचारायचा असेल तर हाच विचारा. साधी १८७३ आणि नक्षीदार १८७३ यांच्या किमतीत इतकी दरी आहे की साध्या रायफलीवर आज कोरायला कुणाचेही हात शिवशिवतात. कोरणारा चांगला असेल तर लांबून फरक कळत नाही. जवळून कळतो.

माझा अनुभव सांगतो. तिसऱ्या वर्षी एका शनिवारच्या प्रदर्शनात मी अष्टकोनी नळीची १८७३ घेतली. डाव्या अंगाला पळतं हरीण, भोवती वेल, मधल्या मोकळ्या जागेत ठिपक्यांची जमीन. विकणाऱ्याने सांगितलं की एका जुन्या घराण्यातून आलीय. घरी आणून टेबलाच्या दिव्याखाली ठेवली, दिवा एका बाजूने तिरपा केला आणि दहापटीचं भिंग लावलं. हरणाच्या मागच्या पायापाशी गंजाचे बारीक खड्डे होते, मोहरीच्या दाण्याएवढे. पायाची रेघ त्या खड्ड्यांमधून सरळ गेली होती. खड्ड्याचा तळ काळा, रेघेचा तळ मात्र फिकट करडा, कडा धारदार. म्हणजे आधी गंज, मग नक्षी. लोखंड निदान काही दशकं गंजत पडलं होतं आणि मग कुणीतरी त्यावर हरीण कोरलं. मुळच्या कामात उलट असतं. गंजाचा खड्डा रेघेला खातो, रेघेची कड तिथे ढासळते, खड्डा नक्षीच्या वर बसतो.

रात्री मामांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनी बंदूक आयुष्यात हातात घेतली नव्हती. मी भिंगातून फोन धरला, त्यांनी दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, “ह्या रेघा दमलेल्या नाहीत रे. सव्वाशे वर्षं हाताळलेली रेघ अशी दिसत नसते.” ती रायफल मी विकली नाही. नवीन माणूस आला की आधी तीच त्याच्या हातात देतो, भिंगासकट.

मामांनी जे एका वाक्यात सांगितलं ते सुटं करून सांगायचं तर आधी झीज बघा. रायफल खोगिराच्या पिशवीत राहिली असेल तर खालच्या कडा आणि रिसीव्हरचे पुढचे कोपरे झिजतात. हातात धरून चालताना जिथे तोल साधतो तिथली, म्हणजे रिसीव्हरच्या पुढच्या खालच्या भागातली नक्षी पुसट होते. आजूबाजूचा धातू गुळगुळीत झिजलेला आणि त्यावरची रेघ मात्र ताजी, असं असेल तर थांबा.

मग स्क्रू बघा. कारखान्याच्या कामात रिसीव्हरच्या स्क्रूंच्या डोक्यांवरूनही नक्षी पुढे जाते. वेलीचं पान स्क्रूच्या डोक्यावर येऊन पलीकडे पूर्ण होतं. नंतर कोरणारा बऱ्याचदा स्क्रू तसाच सोडतो, किंवा कोरतो पण त्याची खाच वाकडी येते आणि पान जुळत नाही.

रंग बघा. १८७३ आणि १८८६च्या अनेक रिसीव्हरांवर केस हार्डनिंग आहे. हाडं आणि कोळशाबरोबर भट्टीत तापवून पाण्यात बुडवल्यावर पृष्ठभागावर निळे, तपकिरी, करडे ढग उमटतात आणि वरचा थर कडक होतो. तसल्या कडक थरावर छिन्नी नीट चालत नाही. कोरणाऱ्याला आधी ते मऊ करावं लागतं, आणि तापवलं की मुळचे ढग जातात. म्हणून मुळचे मऊसर, फिकट ढग नक्षीच्या आतपर्यंत उतरलेले दिसले तर ते फार चांगलं लक्षण. उलट झगझगीत, वाघाच्या पट्ट्यांसारखे रंग दिसले तर ते अलीकडच्या हाताचं काम असण्याची शक्यता मोठी.

शेवटी रेघ स्वतः बघा. हातोडी-छिन्नीने मारलेल्या रेघेत भिंगाखाली बारीक पायऱ्या दिसतात, प्रत्येक ठोक्याची एक. वळणावर रेघ जाड होते, टोकाला निमुळती. ठिपक्यांची जमीन हाताने ठोकलेली असल्याने ठिपके थोडे मागेपुढे असतात. लेझरने केलेल्या कामात तळ सगळीकडे सारखा खोल असतो आणि ठिपक्यांची रांग शिस्तीत चालते. इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पियाच्या परिसरात बनणाऱ्या नव्या प्रतिकृतींवर अशी नक्षी येते. त्या प्रतिकृती म्हणून प्रामाणिकपणे विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं जेव्हा एखादी प्रतिकृती वापरून, घासून, छापील अक्षरं पुसून जुनी म्हणून पुढे येते.

सोन्याचं काम कसं ओळखायचं?

दोन पद्धती लक्षात ठेवा. आपल्याकडच्या तलवारींच्या मुठींवर जी कोफ्तगिरी असते, त्यात पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघांची खरखर करून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. झिजली की ती खरखर उघडी पडते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली शस्त्रं जवळून बघितलीत तर हे कळेल. अमेरिकन रायफलींवरचं जडावकाम सहसा वेगळं. धातूत खोबण खणतात, तिच्या कडा आतून रुंद ठेवतात, आणि सोनं ठोकून त्या कडेखाली दाबतात. मग वरून हरणाच्या अंगावरचे केस, डोळा, खूर कोरतात. अशा सोन्याला नखाने जाणवेल अशी जाडी असते. मुलामा असेल तर कोपऱ्यांवर खालचा धातू डोकावतो. तो प्रकारही जुना आणि मान्य आहे, पण विकणारा त्याला जडावकाम म्हणत असेल तर दुरुस्त करा.

कारखान्याचं पत्र म्हणजे काय? ते घ्यावंच का?

हो, घ्यावंच. वायोमिंगमधल्या कोडी गावी बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमध्ये कोडी फायरआर्म्स म्युझियम आहे. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या तिथे आहेत, मार्लिनच्याही. रायफलीवरचा क्रमांक देऊन फी भरली की ते नोंदीतली माहिती पत्रावर कळवतात. नळी कशी, दस्ता कसा, नक्षी होती का, गोदामात कधी आली, कुठल्या तारखेला बाहेर गेली.

पण सगळ्या क्रमांकांच्या नोंदी टिकलेल्या नाहीत. उदाहरणार्थ १८९४ मॉडेलच्या ३,५३,९९९ पर्यंतच्या आहेत, पुढच्या नाहीत. हेन्रीसाठी अशा वह्याच नाहीत. नोंदीत फक्त ‘नक्षीदार’ एवढंच असेल तर कुठलं जनावर, कुणी कोरलं हे पत्र सांगणार नाही. आणि पत्र क्रमांकाचं असतं, तुमच्या हातातल्या धातूचं नव्हे. खऱ्या नक्षीदार रायफलीचा क्रमांक दुसऱ्या रिसीव्हरवर ठोकणारेही लोक आहेत. पत्र आणि भिंग, दोन्ही लागतं.

उलटही घडतं. पत्रात नक्षीचा उल्लेख नसेल तर ती खोटीच, असं नाही. निम्श्के यांच्यासारख्यांकडे साध्या रायफली दुकानदार नेत. तेव्हा ती कारखान्याची नक्षी नसते, पण काळाची असते. किंमत कमी, मोल कमी नाही.

रायफल काळवंडलेली आहे. घासून चकचकीत करू का?

नका करू. खरंच नका. स्टील वूल नको, पितळेची पॉलिश नको, रंग परत लावायचं औषध नको. त्या काळ्या-तपकिरी थरावरच तर आपण आत्ता वर सगळं वाचलं. कुठे हात पडला, कुठे खोगीर घासलं, गंज आधी की नक्षी आधी. १८६६चा पिवळा रिसीव्हर लोक समईसारखा घासतात आणि तीस वर्षांत वेलीची पानं बोथट करून टाकतात. मामा चांदीबद्दल म्हणायचे की घासलेलं काम मेलेलं काम. इथेही तेच.

काय करावं? मऊ सुती कापड, चांगलं तेल थोडंसं, ते तासाभरात पुसून काढायचं. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. संग्रहालयांतली मंडळी वापरतात तेच. उचलताना हातमोजे. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे धातूत कायमचे उमटतात. ठेवताना हवा फार दमट नको, फार कोरडीही नको, नाहीतर दस्त्याचं अक्रोड तडकतं. फोमच्या पेटीत आणि चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. चामड्यात तर कमावताना वापरलेले क्षारही असतात.

गंज चढत असेल, जिवंत लालसर पूड निघत असेल, तर मात्र जाणकार संवर्धकाकडे न्या. स्वतः हात घालू नका.

ही रायफल झाडता येईल का?

१८६६, १८७३, १८७६ यांची यंत्रणा त्या गुडघ्यावर चालते आणि ती काळ्या दारूच्या दाबासाठी बनवलेली आहे. आजचं जोरदार बिनधुराचं काडतूस त्यात घालणं म्हणजे स्वतःच्या चेहऱ्यासमोर जुनं लोखंड ताणणं. १८८६ आणि नंतरच्या मजबूत आहेत, पण जुन्या नक्षीदार रायफलीबद्दल माझा सल्ला एकच. झाडू नका. नेम धरायची हौस असेल तर नवी प्रतिकृती घ्या.

किंमत साधारण कशावर ठरते?

क्रमाने सांगायचं तर मूळ अवस्था, मग नक्षीची प्रत आणि कोरणारा, मग कागद, मग मॉडेल. सुस्थितीतली, न घासलेली, अर्धवट रंग टिकलेली साध्या नमुन्याची नक्षी ही घासून चमकवलेल्या भारी नक्षीपेक्षा जास्त किमतीला जाते. नवख्यांना हे उलटं वाटतं.

इतिहासातल्या माणसाचा हात लागलेला असेल तर सगळं गणितच बदलतं. अपाचे योद्धा जेरोनिमो याला पकडायला पाठवलेल्या कॅप्टन लॉटन यांना भेट मिळालेली १८८६ मॉडेलची पहिल्या क्रमांकाची रायफल २०१६ साली लिलावात साडेबारा लाख डॉलरच्या वर गेली, आणि तिच्यावर नक्षीची वेलही नव्हती, फक्त नाव कोरलेलं होतं. अशा रायफलीसोबत आलेल्या प्रत्येक गोष्टीला पुरावा मागा. “आमच्या आजोबांना शेरीफने दिली होती” हा पुरावा नव्हे.

दस्त्यावर पितळी खिळ्यांची नक्षी आहे. ती मूळ अमेरिकन आदिवासींची समजावी का?

सरसकट समजू नये. लाकोटा, शायेन आणि इतर जमातींच्या लोकांनी दस्त्यावर पितळी टोप्यांचे खिळे मारून आपल्या रायफली सजवल्या हे खरं. १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत त्यांच्याकडे हेन्री आणि १८६६ होत्या, समोरच्या अमेरिकी घोडदळाकडे एकेक गोळी भरायच्या बंदुका. रणभूमीच्या उत्खननात तिथे त्या रायफलींची रिकामी काडतुसं सापडली. पण जुने खिळे आणून जुन्या दस्त्यावर ठोकणं सोपं आहे, म्हणून खोट्या अशा रायफली भरपूर. खिळ्याभोवतीचं लाकूड बघा. शंभर वर्षांत तिथे मळाची काळी कडी आणि पितळेच्या हिरव्या गंजाचा डाग लाकडात मुरतो.

हेही मनात ठेवायला हवं की या रायफलींनी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्याही हातात त्याच होत्या. माझ्या नोंदवहीत मी प्रत्येक रायफलीसमोर जितका कळेल तितका हा इतिहास लिहितो.

घरात सोनेरी, नक्षीदार ‘विंचेस्टर ९४’ सापडली. खजिना आहे का?

बहुधा ती १९६०च्या दशकानंतरची स्मृती-आवृत्ती असेल. १९६६ची कंपनीच्या शताब्दीची ‘सेंटेनियल ६६’ तर एक लाखाहून अधिक निघाली. नक्षी यंत्राची, सोनं मुलाम्याचं. पेटीसकट, न वापरलेली असेल तर जपून ठेवा, पण जुनी वस्तू म्हणून तिच्याकडे बघू नका.

अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयाला अशी रायफल ठेवता येते का?

केंद्रीय कायद्यानुसार १८९८च्या अखेरीपर्यंत बनलेली बंदूक ‘जुनी’ ठरते आणि बहुतेक केंद्रीय निर्बंधांच्या बाहेर राहते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना आधुनिक बंदूक ठेवायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर. जुन्या बंदुकीला ती मनाई लागू होत नाही, पण काडतुसांना होते, हे लक्षात ठेवा. आणि राज्याचा कायदा वेगळा असतो. न्यूयॉर्क-न्यू जर्सीचे नियम टेक्सासच्या नियमांसारखे नाहीत. आपल्या राज्यातल्या वकिलाला विचारल्याशिवाय पहिली रायफल घेऊ नका.

तारीख क्रमांकावरून ठरवताना सावध राहा. १८९४ मॉडेलच्या जुन्या छापील क्रमांक-याद्या आणि कारखान्याच्या प्रत्यक्ष नोंदी यांत फरक पडतो. सीमेवरच्या क्रमांकासाठी पत्रच मागवा.

भारतात आणता येईल का? किंवा भारतात घरी जुनी बंदूक असेल तर?

आणण्याचा विचार सोडलेलाच बरा. आपल्या शस्त्र कायद्यात फक्त जुनी म्हणून सूट नाही. दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशीच पुराण वस्तू कायद्याबाहेर जाते, नाहीतर परवाना लागतोच. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काच्याही त्यात धरून. घरी आजोबांची बंदूक असेल तर ती कपाटात लपवू नका, पोलीस ठाण्यात आणि परवाना शाखेत तिची नोंद नीट करा. शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा ती अमेरिकेतल्या भावाकडे पाठवायचाही विचार नको.

पैसे थोडे आहेत. सुरुवात कशी करू?

पहिलं वर्ष काहीच विकत घेऊ नका. भिंग घ्या, छोटा टॉर्च घ्या, आणि लिलावापूर्वीच्या प्रदर्शनांना जा. मोठ्या लिलावघरांत विक्रीआधी दोन-तीन दिवस रायफली हातात घेऊन बघता येतात. कुणी ओरडत नाही. हातमोजे घालून, विचारून उचलली की तिथले लोक आनंदाने दाखवतात. शंभरेक खऱ्या रायफली हातात घेतल्या की खोटी आपोआप खटकायला लागते.

मग घ्यायचीच तर साध्या नमुन्याची, थोडी झिजलेली, पण न घासलेली मार्लिन घ्या. किंवा नक्षी नसलेली पण चांगल्या अक्रोडाची १८९२. तिच्यावर झीज कशी दिसते ते शिका.

उत्तम नक्षी प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

कोडीला जा. एकाच छताखाली इतक्या विंचेस्टर दुसरीकडे नाहीत. वॉशिंग्टनला गेलात तर स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात अब्राहम लिंकन यांना भेट दिलेली हेन्री आहे, क्रमांक ६, सोन्याने मढवलेली आणि वेलींनी भरलेली. प्रदर्शनात मांडलेली असेल तर थोडं खाली वाकून तिच्या रिसीव्हरच्या खालच्या कडेकडे बघा. तिथली पानं अजून टोकदार आहेत, कारण ती रायफल कुणी खोगिराला बांधून फिरवली नाही.